मुलाच्या हाताला लागेल अशी फळी : प्रस्तावना

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शिकण्यासाठी जागा भाड्याने मिळते. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात एक फेरी मारली, तरी फाटकाफाटकांवर विद्यार्थ्यांसाठी रूम असल्याच्या पाट्या दिसतात. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर पोचले. त्यामागोमाग खोल्या, मेस आणि अभ्यासिका यांचा एक अख्खा बाजार उभा राहिला. परभणी, हिंगोली, बीडकडची आई गाव सोडून येते, नीटची तयारी करणाऱ्या मुलाबरोबर खोली करून राहते आणि त्याचा डबा, त्याची झोप, त्याचे टेबल सांभाळते. त्याच घरातला धाकटा अजून पहिली-दुसरीत असतो. तो कुठे बसून लिहितो, त्याची वही रात्री कुठे असते, हे विचारले की घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात. सतराव्या वर्षी परगावी खोली घेऊन द्यायची आणि सहाव्या वर्षी स्वतःच्या घरात दीड हात जागा काढायची नाही, हा हिशेब उलटा आहे. ही पुस्तिका त्या दीड हात जागेबद्दल आहे.

पुस्तिका मुख्यतः घरी शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी लिहिली आहे. शाळेत न घालता सगळे शिक्षण घरीच देणारी कुटुंबे आपल्या भागात विरळा. पुण्या-मुंबईकडे ती थोडी अधिक दिसतात. तरीही घरी शिकणारी मुले इथे कमी नाहीत, फक्त आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही. गंभीर अपंगत्वामुळे शाळेत जाऊ न शकणारे मूल घरीच शिकते. बालवाडीच्या आधीची दोन-तीन वर्षे प्रत्येकच मूल घरी शिकते. शाळा सुटल्यानंतर काही वर्षांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी सून संसार सांभाळून घरीच अभ्यास करते. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांबरोबर फिरणारे मूल तर सहा महिने जिथे खोपी असेल तिथे शिकते, किंवा शिकायचे राहते. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा काही काळ सगळ्या महाराष्ट्राचीच मुले घरी शिकली, आणि आपल्या घरांत शिकायला जागा किती आहे हे त्या दिवसांत सगळ्यांना कळले.

कायद्याची बाजू आधीच सांगून टाकलेली बरी, कारण कागदपत्रांची साठवण हा पुढे एका प्रकरणाचा विषय आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारे कलम मात्र त्यात नाही, आणि घरी शिकवण्याची सरसकट परवानगी देणारेही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क स्पष्टपणे दिला. बाकीच्यांसाठी परीक्षेचे रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मुक्त अभ्यासक्रम आणि पुढे दहावी-बारावी, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी-आठवीच्या परीक्षा, आणि राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. यांतल्या कोणत्याही खिडकीशी गेलात की वयाचा, पत्त्याचा, आधीच्या शाळेचा कागद मागतातच. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाच्या घरात दोन फायली हव्यात. एकीत जन्मदाखला, आधार, टीसी आणि त्यांच्या झेरॉक्स. दुसरीत मुलाने केलेले काम, प्रत्येक कागदावर तारीख घालून. पहिली फाईल उंचावर, कुलपात. दुसरी मुलाला स्वतः उघडून बघता येईल अशा ठिकाणी.

आता घराकडे वळू. मराठवाड्याच्या जुन्या घरात ठेवणीचा विचार घर बांधतानाच झालेला असे. माळवदाच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट जाडीच्या. त्यांतच दिव्याची देवळी, भांड्यांचा कोनाडा, कागदपत्रांचे फडताळ निघत असे. धान्य बळदात नाहीतर पेवात, दही-लोणी शिंक्यावर, सदरे-टोप्या खुंटीवर, पोथी रुमालात बांधून देवघरात. आले-गेलेले माणूस ढाळजेत बसे आणि मुले ओसरीवर. निजामाच्या राज्यात माध्यमिक शाळेची भाषा उर्दू होती. घरातल्या मुलाला मराठी वाचता-लिहिता यावे यासाठी अनेक घरांना ओसरीवरच सोय करावी लागे. त्यामुळे घरात शिकणे ही इथे बाहेरून आलेली टूम नाही. शाळेतले यश आणि ज्ञान एकच नव्हे, हेही नांदेडला नव्याने सांगायला नको. इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारे नरहर कुरुंदकर याच शहरात आपल्या वाचनाच्या बळावर महाराष्ट्राचे विचारवंत झाले आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्यही.

जुन्या घराचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मात्र विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. चारच्या आत भूकंप झाला आणि त्याच जाड भिंती, तीच मातीने जड झालेली माळवदे किल्लारी-सास्तूर परिसरातल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ही घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली, आणि ते योग्यच होते. पण पातळ भिंतीत कोनाडा बसत नाही. बळद गेले, फडताळ गेले, आणि त्यांतल्या वस्तू जमिनीवर आल्या. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरांचीही तीच कथा. भूकंप न होताही सिमेंटने तिथली फडताळे काढून घेतली आणि त्यांच्या जागी एक लोखंडी कपाट आले. त्यात दागिने, साड्या, विम्याचे कागद आणि सर्वांत वरच्या कप्प्यात मुलाची नवी पुस्तके, खराब होऊ नयेत म्हणून. किल्ली आईच्या कमरेला.

या कपाटावरून एक जुनी हकीकत आठवते. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामगारांच्या चाळवजा इमारतीतल्या एका खोलीत, मुलांसाठी घर सुरू केले. साहित्य मोठ्या कपाटात असे आणि बाई कुलूप उघडून ते वाटत. एके दिवशी बाईंना यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचेही राहिले होते. त्या आल्या तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीचे साहित्य काढून काम सुरू केले होते. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसोरींना त्यात मुलांना काय हवे ते दिसले, आणि उंच कपाट जाऊन तिथे बुटक्या उघड्या फळ्या आल्या.

महाराष्ट्रात हाच विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्या मातीत रुजवला. १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जी बालशाळा चालवली, तिच्यात विकतचे महागडे साहित्य नव्हते. बिया, शंख-शिंपले, पाने, खडे यांवर गणती आणि वर्गीकरण चाले. शाळेला इमारत नसेल तर अंगण होतेच. कोसबाडला समुद्राचे शिंपले मिळाले, आपल्याकडे चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि बाभळीच्या शेंगा आहेत. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करणाऱ्या मुलाने मोजमाप, जोड आणि तोल हे तिन्ही धडे गिरवलेले असतात. अडचण साहित्याची नसते. ते साहित्य संध्याकाळी कुठे जाते, ही अडचण असते. ठरलेली जागा नसेल तर ते केरात जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

या पुस्तिकेचे सगळे म्हणणे एवढ्यावर उभे आहे की घरात शिकण्याचा मालक कोण, हे वस्तू कुठे ठेवल्या आहेत त्यावरून ठरते. आईने कपाट उघडून पुस्तक द्यायचे असेल, तर आईला वेळ असेल तेव्हाच मूल शिकेल. पुस्तक मुलाच्या हाताला लागत असेल, तर आई भाकरी थापत असतानाही ते शिकेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काढलेली वस्तू मुलालाच परत ठेवता आली पाहिजे. घरी शिकवण्याचे सोडून देणाऱ्या अनेक घरांत शिकवण्यापेक्षा आवरण्यानेच आई थकलेली असते. रोज संध्याकाळी पाच माणसांचा पसारा एकीनेच उचलायचा असेल, तर कोणताही अभ्यासक्रम तीन महिन्यांपुढे जात नाही. म्हणून आवरणे हा अभ्यासाचाच भाग धरायचा. तो मुलीच्या वाट्याला जेवढा, तेवढाच मुलाच्याही.

मग फळी किती उंच? चार-पाच वर्षांच्या मुलासाठी जमिनीपासून अडीच-तीन फुटांच्या आतली. आजचे काम तिथे. आईच्या डोळ्यांच्या उंचीला या महिन्याचे. माळ्यावर मागच्या आणि पुढच्या वर्षाचे. स्वयंपाकघरातल्या बाईला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मिसळणाचा डबा हाताशी असतो, वर्षाचे तिखट-हळद वर बरणीत असते, आणि डबा रिता होईल तशी बरणी खाली येते. मुलाच्या फळीलाही तोच नियम. एका वेळी पाच-सहा वस्तू पुरेत. आठवड्याने दोन वर जातात, दोन खाली येतात. बालभारतीने २०२३-२४ मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत दिली होती. शाळेतला तो प्रयोग पुढे मागे घेतला गेला, पण घरातल्या फळीसाठी कल्पना चांगली आहे. जो भाग चालू आहे तेवढाच खाली ठेवायचा.

जागेला आपल्याकडे वाटेकरी फार. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे कट्टे घरात येतात आणि भाव चढेपर्यंत हलत नाहीत. ते जातात न जातात तोच तूर आणि हरभरा. लातूर जिल्ह्यात पाणी हाही मोठा वाटेकरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, ती वेळ इथला माणूस विसरलेला नाही. घरातली सावलीची, सपाट जागा म्हणूनच आधी ड्रमांना मिळते. नांदेडला प्रश्न उलटा. विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की गोदाकाठच्या सखल वस्त्या सामान उचलून वर ठेवू लागतात. अशा घरांना एका जागी ठोकलेले अभ्यासाचे टेबल सांगून उपयोग नाही. इथे कोपरा हलता हवा. पत्र्याची पेटी दिवसा बसून लिहायचे टेबल होते आणि रात्री त्यातच सगळे मावते. जुन्या साडीला खिसे शिवून केलेली कापडी लटकण खुंटीवर राहते आणि पाहुणे आले की गुंडाळता येते. बसायला सतरंजी किंवा वाकळ आहेच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी तर ती पेटी हीच शाळा. तिच्यात काय असावे आणि काय नसावे, याचे वेगळे प्रकरण केले आहे.

भिंत आणि जमीन या दोन मोठ्या पाट्या आपल्याकडे फुकट आहेत. सोलापूरच्या नीलमनगरात २०२० च्या टाळेबंदीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण बऱ्याच मुलांकडे मोबाइल नव्हता आणि भिंत सगळ्यांकडे होती. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत तर फरशीवर अंक आणि अक्षरे आखलेली दिसतात. आपल्या घरांत शहाबादी फरशी असते. तिच्यावर खडूने लिहिलेले ठळक उठते आणि ओल्या फडक्याने पुसले जाते. लहान मुलाला वहीच्या चार ओळींपेक्षा फरशीवर हात मोकळा मिळतो. एक फरशी त्याची, एवढे घरात जाहीर करायचे आणि मोठ्यांनी ती पाळायची.

हवामानाचाही विचार करावा लागतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारानंतर बसवत नाही. मेणाचे खडू मऊ पडतात, डिंक सुटतो, स्लॅबखालच्या माळ्यावरचे कागद ठिसूळ होतात. उन्हाळ्यात घरची शाळा सकाळी सातला भरून दहाला सुटावी, आणि रंग-डिंकाचा डबा माठाच्या खोलीत असावा. पावसाळ्यात शत्रू बदलतो. फळी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवली तर वाळवी लवकर दिसते. कसरीला अटकाव म्हणून वाळलेला लिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा जुनी माणसे पोथीच्या रुमालात घालत. तो उपाय आजही चालतो, फक्त वेखंड लहान मुलाच्या तोंडात जाणार नाही एवढे बघायचे. आणि ऑक्टोबरच्या उन्हात वर्षातून एकदा सगळी पुस्तके गच्चीवर.

सुरक्षिततेची गोष्ट इथे वेगळ्या वजनाने सांगावी लागते. २०२४ च्या मार्च आणि जुलैत हिंगोलीकडे झालेल्या भूकंपांचे धक्के नांदेडलाही जाणवले. उंच कपाट भिंतीला पट्टीने आवळून टाकावे, जड पेटी माळ्यावर नको, आणि मूल जिथे झोपते किंवा बसते त्याच्या डोक्यावर काहीही वजनदार असू नये. किल्लारीच्या प्रदेशात राहणाऱ्यांना याहून अधिक सांगायची गरज नाही.

पुढच्या प्रकरणांची रचना घराच्या आकारावरून केली आहे: एका खोलीचे घर, दोन खोल्यांचे घर, पुनर्वसनातले घर, शेतातला आखाडा, आणि घरच नसलेला फिरता संसार. प्रत्येक ठिकाणी कमीत कमी खर्चाचा मार्ग आधी दिला आहे. सुताराकडून फळी करून घ्यायची झाल्यास मापे दिली आहेत, आणि नसेल परवडत तर विटा आणि पाट यांवर कसे भागते तेही. शेवटच्या प्रकरणात अपंग मुलाच्या घराचा विचार आहे. तिथे ‘हाताला लागेल’ याचा अर्थ प्रत्येक मुलागणिक बदलतो. चाकाच्या खुर्चीवरून, आडवे पडून किंवा नुसत्या स्पर्शाने जे मिळवता येईल ते त्याचे.

घरी शिकवावे की शाळेत पाठवावे, हा वाद या पुस्तिकेत नाही. गावातली शाळा चांगली चालत असेल तर मुलाला तिथेच पाठवा. शाळेत मिळणारे सवंगडी कोणत्याही फळीवर मांडता येत नाहीत. पण शाळेत जाणारे मूलही दिवसाचे अठरा तास घरी असते, आणि त्याला जागा लागतेच.

वाचकांना एक विनंती. पुस्तिका संपेपर्यंत थांबू नका. लोखंडी कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा आज रिकामा करा, तो कुलपाबाहेर राहील अशी सोय करा, आणि त्यात काय ठेवायचे ते मुलाला ठरवू द्या. कपाटाचा कप्पा कुलपाबाहेर राहणार नसेल, तर त्याशेजारी एक खोका मांडा. पुढची प्रकरणे त्यानंतर वाचलीत तरी चालेल.